बऱ्यावाइटाचा रकाना

ज्यांच्यासमोर हे मी कबूल करायला हवं होतं, त्यांपैकी आता एकच माणूस हयात आहे, आणि तिला ते फार पूर्वीच ठाऊक झालं. त्यामुळे आता लिहिण्यात शौर्य काही नाही. बायकोला मी हे सांगितलं नाही, मुलांना नाही, नोकरीतल्या सोबत्यांना तर नाहीच. गप्प बसायची सवय लागली की लोक आपल्याला गंभीर समजायला लागतात, आणि मग बोलणं आणखी अवघड होऊन बसतं. माझं तसं झालं.

साठच्या दशकाची शेवटची वर्षं. मी सव्वीस वर्षांचा, भोरच्या मामलेदार कचेरीत कारकून. गाव भोंगवली, घराण्यात पगार आणणारा पहिला मीच. कचेरीच्या मागच्या अंगाला सबजेल होतं. दोन बराकी, पुढे फरशीचं आवार, आवाराच्या कोपऱ्यात लिंबाचं झाड आणि फाटकाबाहेर विहीर. खटल्याचा निकाल लागेपर्यंत तालुक्यातले आरोपी तिथे असत. हातभट्टीवाले, बांधावरून डोकी फोडलेले, रानात लाकूड तोडताना धरलेले. जेलचे प्रमुख मामलेदारच असत, पण रोजचं दप्तर माझ्याकडे. आत येणाऱ्या प्रत्येकाला समोर बसवून नाव, गाव, बापाचं नाव, वय, आजार विचारायचं आणि रजिस्टरात लिहायचं, हे माझं काम.

आमचे मामलेदार निवृत्तीला आलेले, बारीक आवाजाचे गृहस्थ. बदलून आल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी रजिस्टर मागवलं आणि पट्टी घेऊन, लाल शाईनं, स्वतःच्या हातानं शेवटी एक नवा रकाना आखला. वर लिहिलं: ‘जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार आहे काय?’

मी बघत राहिलो. ते म्हणाले, “आधीच्या तालुक्यात माझ्या जेलात एक माणूस गेला. त्याला आम्ही आजाचं नावसुद्धा विचारलं होतं. एवढंच विचारलं नव्हतं.” मग टाक खाली ठेवून म्हणाले, “विचारायचं. नुसतं लिहायचं नाही. आणि तो ‘होय’ म्हणाला तर त्याला एकटं ठेवायचं नाही, पटका, उपरणं असलं लांब कापड काढून घ्यायचं, आणि दवाखान्यात डॉक्टरांना चिठ्ठी पाठवायची. आलं लक्षात?”

“होय, रावसाहेब.”

लक्षात आलं होतं. तोंडातून निघत नव्हतं.

आमच्या घरी अभद्र बोलायला बंदी होती. बांगडी फुटली तर ती ‘वाढवली’ म्हणायचं, घरातून निघताना ‘जातो’ नाही, ‘येतो’ म्हणायचं. घराच्या भिंती ऐकत असतात आणि तोंडातून निघालेलं खरं करतात, असं आई म्हणे. त्या वयातही मला ते अर्धंमुर्धं खरं वाटायचं. धडधाकट माणसाला समोर बसवून ‘तुला मरावंसं वाटतंय का’ म्हणायचं, तेही जेलाच्या भिंतींच्या आत! ज्याच्या मनात नाही त्याच्या मनात आपणच ते घालू, अशीही एक भीती. मग मी ते लाल शाईतलंच वाक्य वाचायला लागलो, तेही अर्ध्यात सोडून. पहिल्यांदा ज्याला विचारलं तो जवळच्या वाडीतला हातभट्टीवाला होता. आमच्याकडे त्याचं येणं-जाणं कायमचंच.

“जिवाचं काही बरंवाईट…” मी म्हटलं.

“बरंच हाय की, भाऊसाहेब,” तो म्हणाला. “वाईट एवढंच, की तुमचा हवालदार माझाच माल पितो आन मलाच धरून आणतो.”

“तसं नव्हे. म्हणजे काही… विचार वगैरे?”

“इचार हाय ना. औंदा पोरीचं लगीन काढायचा इचार हाय. येणार का जेवाय?”

आवारातले सगळे हसले. पहाऱ्यावरचा शिपाईही हसला. मीही हसलो आणि रकान्यात ‘नाही’ लिहिलं.

दोनचार वेळा असंच झालं. ‘बरंवाईट’ हा शब्दच असा, की ऐकणाऱ्याला तो ख्यालीखुशाली विचारल्यासारखा लागायचा, आणि त्याला खरा अर्थ समजावून सांगायचं म्हणजे पुन्हा तेच अभद्र. मग मी विचारणं सोडलं. पुढे तर सोय म्हणून आणखी एक केलं. महिन्याच्या सुरुवातीला नवं पान आखताना अनुक्रमांक घालायचो, त्याच बैठकीत लाल रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘नाही’ लिहून टाकायचो. माझं अक्षर वळणदार होतं. पान छान दिसायचं. मामलेदार सही करायचे.

ही माझी चूक. बाकी जे पुढे सांगतो ते तिचंच.

कार्तिकात, भातकापणीच्या दिवसांत, पोलिसांनी एका नावाड्याला आणलं. धरणाचं पाणी डोंगरांत आत शिरलंय तिथल्या काठच्या गावचा. पाण्याच्या अल्याड घरं, पल्याड शेतं, आणि मध्ये याची होडी. बायका कापणीला निघाल्या होत्या. होडीत आठ माणसं बसायची. आठ बसली होती. नववी धावत आली आणि हात करून ‘मलाबी घ्या’ म्हणाली. ती याच्याच बायकोची धाकटी बहीण, त्याच गावात दिलेली. हा ‘बस’ म्हणाला. मध्यावर होडी कलंडली. सात जणींना त्यानं आणि काठावरच्या माणसांनी बाहेर काढलं. दोघी गेल्या. त्यातली एक ती मेहुणी.

पंचेचाळिशीचा माणूस, हाडापेरानं मोठा, डोक्याला मळकट पांढरा पटका. माझ्यासमोर उकिडवा बसला. नाव सांगितलं, गाव सांगितलं, आजार काही नाही म्हणाला. आवाज इतका खाली, की मला दोनदा पुढे वाकावं लागलं. मी लिहीत लिहीत शेवटच्या रकान्यापाशी आलो. तिथे ‘नाही’ होतंच. मी टाक पुसला.

“झालं?” त्यानं विचारलं.

“झालं. जा आत.”

तो लगेच उठला नाही. रजिस्टराकडे बघत क्षणभर तसाच बसला. मला वाटलं, पाय आखडले असतील.

त्याला हातभट्टीवाल्याच्याच बराकीत टाकलं. पुढच्या तीन दिवसांत काय काय दिसलं ते मला आजही ओळीनं सांगता येतं, आणि तेव्हाही दिसत होतं. भाकरी तो कुस्करून ठेवायचा, खायचा नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं आपली चंची, पानतंबाखूची, आतल्या सुपारीसकट हातभट्टीवाल्याला देऊन टाकली. तो मला ती मिरवत म्हणाला, “बघा भाऊसाहेब, ह्याला म्हणत्यात दानत. तुमी आजवर चिमूटभर तरी दिली का?” मी म्हणालो, “तुझी तंबाखू आधी सुटू दे.” आम्ही दोघे हसलो, आणि नावाडी भिंतीकडे तोंड करून बसलेला होता. तिसऱ्या दिवशी त्यानं शिपायाला विचारलं की दुपारी सगळे विहिरीवर किती वेळ असतात. शिपायानं सांगितलं. का विचारतोस, असं कोणी विचारलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी सगळ्यांना अंघोळीला विहिरीवर नेलं. नावाड्यानं अंग मोडून आलंय म्हटलं, शिपायानं त्याला राहू दिलं. रजिस्टरात ‘नाही’ असलेल्या माणसावर वेगळं लक्ष ठेवायचं कारण नव्हतं, आणि त्याचा पटका त्याच्यापाशीच होता. पुढचं मी लिहीत नाही.

तो वाचला तो चुन्याच्या डबीमुळे. हातभट्टीवाला ती बराकीत विसरला होता आणि विहिरीवरच्या शिपायाच्या हातापाया पडून ती न्यायला परत आला. त्यानं पाहिलं, आणि नावाड्याला खालून मिठी मारून, उचलून धरून, मला हाक मारली. मी कचेरीत बसून महिन्याची नक्कल काढत होतो. ती हाक ‘भाऊसाहेब’ एवढीच होती, पण मी टाक टाकून धावलो. दोघांनी मिळून त्याला खाली घेतलं. श्वास चालू होता. हातभट्टीवाला त्याचे तळपाय चोळत होता आणि रडत शिव्या देत होता. “तंबाकू दिलीस व्हय रं? म्हणून दिलीस? मला काय ठावं, मी आपला खातुया.” चंची त्यानं कमरेची सोडली आणि नावाड्याच्या छातीवर ठेवली, आणि वरून हात ठेवून बसला. डॉक्टर येईपर्यंत त्यानं तो हात काढला नाही.

संध्याकाळी कचेरी रिकामी झाल्यावर मी ब्लेड घेऊन बसलो. नावाड्याच्या नावाखालच्या ओळी कोऱ्या होत्या, पण त्यांच्या लाल रकान्यात माझी ‘नाही’ आधीच लिहिलेली होती. ती मी एकेक करून खरवडली. कागद सालटला. त्यावर नखानं घासून तो गुळगुळीत करायचा प्रयत्न केला. एक माणूस तिकडे दवाखान्यात पडला होता आणि मी कागद घासत होतो, हे मला त्या वेळीही कळत होतं. हात थांबला नाही.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी मामलेदारांनी चौकशी घेतली. नावाडी गळ्याला पट्टी बांधून बाकावर बसला होता. मामलेदारांनी रजिस्टर उघडलं आणि मला विचारलं, “याला दाखल करताना विचारलं होतं?”

“विचारलं होतं, रावसाहेब. नाही म्हणाला.”

शब्द सहज बाहेर आले. एवढा सहज तर मी तो प्रश्नही कधी विचारला नव्हता.

ते नावाड्याकडे वळले. “काय रे, खरं आहे? यांनी तुला विचारलं होतं?”

नावाड्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. पोराच्या पायात काटा मोडावा आणि बापानं तो पाय हातात घ्यावा, तसं त्याचं बघणं होतं. दुसरी उपमा मला सुचत नाही. मग तो घशातून ओढून काढल्यासारखं बोलला, “व्हय रावसाहेब. इचारलं व्हतं. म्याच न्हाई म्हणलो.”

मामलेदारांचा अंगठा पानावर फिरत होता, त्याच्या नावाखालच्या कोऱ्या रकान्यावरून, जिथे कागद खरबरीत झाला होता. वर नेला, खाली आणला. त्यांनी रजिस्टर मिटलं.

“उद्यापासून,” ते म्हणाले, “तुम्ही हा प्रश्न माझ्यासमोर विचारायचा. मोठ्यानं. त्याच्याशी जी भाषा बोलता त्या भाषेत.”

एवढंच. मला ना मेमो, ना बदली. आत्महत्येचा प्रयत्न हाही तेव्हा गुन्हाच होता. होडीच्या खटल्यावर तो दुसरा चढला, आणि ‘दाखल करतेवेळी विचारले असता नकार दिला’ हे वाक्य त्या कागदांत माझ्याच वळणदार अक्षरात गेलं. त्यानं त्याच्या शिक्षेत किती दिवसांची भर पडली हे मला नक्की सांगता येणार नाही. पडली, एवढं खरं.

त्याची बायको आली ती त्यानंतर दोन दिवसांनी. बहीण गेली म्हणून ती माहेरच्या माणसांपाशी पासलीला गेली होती. पासलीहून वेल्ह्यापर्यंत चालत, तिथून एस.टी.नं मार्गासनीवरून नसरापूर, तिथे गाडी बदलून भोर. सकाळची निघालेली बाई दुपारी फाटकाशी उभी राहिली. काखेत तांदळाच्या भाकरीचं गाठोडं. काय घडलं ते तिला फाटकावरच्या शिपायानं सांगितलं. मी तिला भेटीच्या जाळीपाशी नेताना तिचा चेहरा बघायचं टाळत होतो. ती रडेल, ओरडेल, बहिणीवरून त्याला बोलेल, असं मी धरून चाललो होतो.

तो जाळीपलीकडे येऊन उभा राहिला, मान खाली.

“हिकडं बघा,” ती म्हणाली.

त्यानं पाहिलं.

“जीव द्यायचं अजून मनात हाय का तुमच्या? खरं सांगा.”

भाकरी खाल्ली का असं विचारावं, तितक्या साध्या आवाजात. मला वाटलं, ही काय बोलतेय, या भिंतींत.

त्यानं जाळीची तार मुठीत धरली. मग म्हणाला, “व्हय.”

“दिसभर?”

“दिसभर न्हाई.”

“मग कवा?”

“दुपारच्याला. समदी हिरीवर गेली की सामसूम व्हती. मग तिची हाक येती. मलाबी घ्या म्हणती.”

त्या बाईचीच बहीण ती. तिनं पदराचं टोक तोंडात धरलं, सोडलं, आणि म्हणाली, “मलाबी येती तिची हाक. पर मी जात न्हाई. येक गेली. आता तुमी गेला तर मी कुनाकडं बघू?”

“म्या तिला बस म्हणलो,” तो म्हणाला.

“म्हणला. मीबी म्हणले असते. भन हाय ती माझी, काठावर उभी ठेवली असती व्हय?”

मग तो रडला. आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदा. जाळीला कपाळ लावून, मोठ्या अंगाचा तो माणूस आवाज न करता हलत होता, आणि ती जाळीतून दोन बोटं आत घालून त्याच्या पट्टीच्या कडेला लावून उभी होती. “दुखतंय का हितं?” एवढंच मध्ये विचारलं. तो मानेनं नाही म्हणाला.

निघताना ती माझ्याकडे वळली. “भाऊसाहेब, ह्यास्नी दुपारचं एकलं ठिवू नका.”

माझ्या रजिस्टराला, मामलेदारांना, डॉक्टरांना जे कळलं नव्हतं ते तिनं तीन प्रश्नांत काढलं होतं. आहे का, केव्हा, कशानं. आणि काय करायचं तेही सांगून गेली.

मी मामलेदारांना विचारून रोज दुपारी, सगळे विहिरीवर गेले की, आवारात त्याच्यापाशी बसायला लागलो. पहिल्या दिवशी काही सुचेना. लिंबाच्या सावलीत दोघे बसलेलो. शेवटी मी म्हणालो, “काका, आज… ते… आहे का मनात?” मी त्याला आधी ‘तू’ म्हणायचो. ‘काका’ कधी झालं ते माझं मलाच कळलं नाही.

“हाय वाईच,” तो म्हणाला.

मी बसून राहिलो. थोड्या वेळानं तोच म्हणाला, “बसा तुमी. बसलं की कमी व्हतंय.”

मग हे रोजचं झालं. काही दिवस ‘हाय’, काही दिवस ‘आज न्हाई’. एकदा म्हणाला, “आज हाय का न्हाई, ते बघाय सवड मिळाली न्हाई, ह्यो बाबा सकाळपास्नं डोकं खातोय.” ह्यो बाबा म्हणजे हातभट्टीवाला. तो जामिनावर सुटायचा आणि पंधरा दिवसांत परत दाखल व्हायचा. नावाड्याशी गप्पा मारायला येतो का रे, असं शिपाई त्याला चिडवायचे. “मग? घरी बायकू बोलू देत न्हाई,” तो म्हणायचा.

नावाड्यानं मला होडीचं सांगितलं. माणसं मोजायची नसतात, पाणी मोजायचं असतं. होडीचा काठ पाण्यावर चार बोटं राहिला पाहिजे. बाई भारी असो की हलकी, डोक्यावर ओझं असो की नसो, चार बोटं. त्या दिवशी त्यानं बोटं लावून पाहिली होती, तीन भरली होती. “म्या म्हणलं, वारं न्हाई, निभंल.” हे सांगताना तो तळहात उताणा धरून तीन बोटं दाखवायचा. मी त्या बोटांकडे बघायचो आणि माझ्या ओठांवर यायचं की काका, मीही न मोजताच लिहिलं होतं. रोज यायचं. रोज मी ते परत गिळायचो. त्याला माझ्यापाशी बसून बरं वाटत होतं, मग आता कशाला, असं स्वतःला समजवायचो. खरं कारण ते नव्हतं. माझ्यासाठी तो खोटं बोलला होता, आणि त्याला ते माहीत आहे हे मला माहीत आहे, हे दोघांनीही न बोलता ठेवलं तरच मला तिथे बसता येत होतं.

नव्याने येणाऱ्यांना मी आता मामलेदारांसमोर विचारायचो. “जीव नकोसा झालाय का रे?” असं, सरळ. भिंतींनी कधी काही खरं केलं नाही. उलट दोघे ‘होय’ म्हणाले. एक तर म्हणाला, “बरं झालं इचारलंत.” त्या दोघांचं पुढे नीट झालं. याचं समाधान मला घेता आलं नाही, कारण प्रत्येक वेळी कळायचं की हे एवढं सोपं होतं.

खटला उन्हाळ्यात निकालात निघाला. शिक्षा भोगायला त्याला येरवड्याला नेलं. जाताना तो शिपायांच्या मध्ये उभा राहून मला म्हणाला, “दुपारी कोण बसंल आता?” हसत म्हणाला. त्याच्यासोबतच्या कागदांवर मी माझ्या हातानं लिहिलं होतं: ‘दुपारी एकटे ठेवू नये.’ तिथे ते कोणी वाचलं की नाही, मला माहीत नाही. माझ्या आयुष्यातलं ते एकच सरकारी वाक्य, जे मी कोणी न सांगता लिहिलं.

पुढे मामलेदार निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांना गाठून सांगायचं ठरवलं होतं. हार, फोटो, चहा यांतून वाट काढत त्यांच्यापर्यंत पोचलो, आणि “तब्येतीला जपा, रावसाहेब” म्हणून परतलो.

त्यानंतर चार वर्षांनी, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, माझी वेल्ह्याच्या कचेरीत बदली झाली. तिथे आठ दिवसांत कळलं की तो सुटून आलाय आणि पाण्याकाठचं गाव सोडून सासुरवाडीला, पासलीला राहतोय. कळल्यावरही मी दोन महिने गेलो नाही. मग एका रविवारी गेलो.

उतारावर भाताची छोटी खाचरं होती आणि कडेला त्यांचं दोन खणांचं घर. तो बांध घालत होता. मला ओळखायला त्याला क्षण लागला. मग चिखलाचे हात तसेच पुढे करून, परत मागे घेऊन, “आवं, भाऊसाहेब आलं” म्हणून आत हाक दिली. अंगानं वाळला होता, पण चेहऱ्यावर तजेला होता. बायको बाहेर आली. ओसरीवर घोंगडं पसरलं, पाणी दिलं. पाऊसपाणी, माझं लग्न, हातभट्टीवाल्याच्या पोरीचं लग्न, असं सगळं झालं. त्या लग्नाला तो जाऊन आला होता. मी गेलो नव्हतो.

मग मी म्हणालो, “काका, मी तुम्हाला विचारलं नव्हतं.”

त्यानं काय, कधी, असं काही विचारलं नाही. “ठावं हाय की,” तो म्हणाला. “म्या चौथी पास हाय, भाऊसाहेब. तुमच्या वहीत वाचलं व्हतं म्या तवाच. इचारायच्या आधीच न्हाई म्हणून लिव्हल्यालं.”

“मग रावसाहेबांपुढं तसं का सांगितलं?”

“तुमचं हात थरथरत व्हतं,” तो म्हणाला. “माझं काय, बुडायचं ते बुडालं व्हतं. नव्या नोकरीचं पोरगं कशाला बुडवा.” मग माझ्या तोंडाकडे बघून घाईघाईनं म्हणाला, “आन तुमी इचारलं असतं तरी म्या न्हाईच म्हणलो असतो बघा. त्यात तुमचं काय न्हाई.”

केवढं मोठं दान होतं ते. चार वर्षं मी हेच ऐकायला थांबलो होतो असं मला वाटलं. मी मान हलवून ते घेणार, एवढ्यात बायको दारातून बोलली. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता बोलली.

“खोटं बोलताय.”

“अगं…”

“खोटं बोलताय. मी इचारलं तवा व्हय म्हणलात. ह्यांनी इचारलं असतं तर ह्यांच्या म्होरं रडला असता. कुनीबी इचारलं असतं तरी रडला असता. वाट बघत व्हता तुमी.”

चिखल वाळून हातावर पांढरा झाला होता, नावाडी तो नखानं काढत बसला. ती माझ्याकडे वळली. डोळ्यांत राग नव्हता, कीव नव्हती.

“इचारायला पायजे व्हतं, भाऊसाहेब.”

“होय, मावशी,” मी म्हणालो.

मामलेदारांनी मला सोडून दिलं होतं, नावाड्यानं मला दोनदा पाठीशी घातलं होतं. माझी चूक माझ्या तोंडावर म्हटली ती तिनं एकटीनंच. ओसरीवर बसल्या जागी मला हुंदका आला, आणि तो थांबवायला हवा असं त्या घरात मला वाटलं नाही. नावाडी जवळ सरकला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून समोरच्या खाचरांकडे बघत बसला. त्याला अशा वेळी बसायचं कसं ते माहीत होतं.

तिनं सुपातले तांदूळ पाखडले, खडे अंगणात टाकले आणि आत जाता जाता म्हणाली, “रडा. भात व्हायला येळ हाय अजून.”